वाचावर्गाची हवा

आमच्या शाळेतल्या एका खोलीला खिडक्या नव्हत्या. बांधताना होत्या, पण नंतर विटा लावून बुजवल्या. भिंतींना आतून जाड फोम, त्यावर कापड, खाली गालिचा, दाराला दुहेरी फळ्या. बाहेरचा कसलाही आवाज आत येऊ नये म्हणून हा सगळा बंदोबस्त. ही खोली म्हणजे आमचा वाचावर्ग. कर्णबधिर मुलांना तिथं बोलायला शिकवायचं आणि शिकवणारी मी.

शाळा मुकुंदवाडीच्या पलीकडं, रेल्वे रुळापासून जवळच. मी नोकरीला लागले तेव्हा आजूबाजूला ज्वारीची रानं होती आणि दिवसातून मोजक्या गाड्या जायच्या. पुढं शहर जालना रोडनं पूर्वेकडं सरकत आलं. रानांत प्लॉट पडले, प्लॉटांवर इमारती उभ्या राहिल्या, आणि आम्ही एकेक खिडकी बुजवत गेलो. मुलांच्या कानांवर एका मोठ्या यंत्राला जोडलेले हेडफोन असायचे. माझा आवाज त्यातून मोठा होऊन त्यांच्यापर्यंत जायचा, पण त्याबरोबर ट्रकचा हॉर्नही मोठा व्हायचा. ज्या मुलाला थोडंसंच ऐकू येतं त्याला ते थोडंसं तरी स्वच्छ मिळावं, एवढीच आमची धडपड.

खिडक्या नसलेल्या खोलीत हवा लागते. पंखा लावला तर त्याची घरघर यायची, म्हणून एका कारखान्यानं काढून टाकलेली जुनी वातानुकूलन यंत्रणा शाळेनं मागून आणली होती. तिचं धूड मागच्या अंगणात पत्र्याच्या शेडमध्ये बसवलेलं, तिथून पत्र्याचा लांबलचक डक्ट खोलीत आलेला. यंत्र दूर असल्यामुळं आत कणभर आवाज यायचा नाही. ते पाण्यावर थंड व्हायचं. गच्चीवरच्या टॉवरमधून पाणी खाली यायचं, यंत्रातून फिरून गरम होऊन परत वर जायचं. पाण्याची सोय होती तोवर याचं कुणाला काही वाटलं नाही.

मग दुष्काळाची वर्षं लागोपाठ आली. नळाला आठवड्यातून एकदा पाणी, तेही पिण्यापुरतं. शाळेची बोअर खोल खोल जात राहिली आणि तिचं पाणी इतकं जड झालं की डाळ शिजेना. तेच पाणी आम्ही यंत्राला देत होतो. दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात ते मध्येच बंद पडू लागलं. थोडा वेळ थांबून बटण दाबलं की चालायचं. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, म्हणाल्या, "सुट्ट्यांपर्यंत ढकलू या कसं तरी." मीही हो म्हणाले. तपासणी जवळ आली होती आणि माझ्या मुलांचे बरेच शब्द राहिले होते.

माझ्या वर्गाचा एक नियम होता. मी तो बनवला नव्हता. मला तसंच शिकवलं गेलं होतं. वाचावर्गात हात मांडीवर. खुणा करायच्या नाहीत. हातानं काम भागलं की मूल तोंड उघडत नाही, असं आमच्या प्रशिक्षणात घोकून घेतलेलं. वसतिगृहात, जेवताना, मैदानावर मुलं आपसांत सर्रास खुणांनी बोलायची, आम्ही तिकडं काणाडोळा करायचो. पण वाचावर्गात कुणाचा हात उठला की मी तो धरून खाली ठेवायची आणि म्हणायची, "तोंडानं सांग." रागावून नव्हे. ते दोन शब्द मी इतक्यांदा म्हटले होते की त्यांचा अर्थ माझ्या लेखी उरलाच नव्हता.

त्या वर्गात दहा वर्षांची एक मुलगी होती. करमाडच्या पुढं एका वस्तीवर तिचं घर, मेंढपाळाचं. वडील मेंढरं घेऊन हिंडायचे, आई मजुरीला जायची. सातव्या वर्षी वडिलांनीच तिला खांद्यावर बसवून वसतिगृहात आणून सोडलं होतं. मुलगी अतिशय चलाख. गणितात पहिली. पण बोलण्यात तिची गाडी अडलेली. तीन वर्षांत पाच-सहा शब्द, तेही मी ओळखणार, दुसरं कुणी नाही. माझ्या मनात तिच्याविषयी एक अढी बसली होती. हिला हातानं सगळं जमतं, म्हणून ही कष्ट घेत नाही, असं मला वाटायचं.

एप्रिल लागला होता. शेजारच्या प्लॉटवर नव्या इमारतीसाठी बोअर घेत होते. ती मशीन सकाळपासून जमीन फोडत होती, म्हणून मी दार घट्ट लावून घेतलं. नऊ मुलं अर्धवर्तुळात बसली होती. थोड्या वेळानं डक्टमधून येणारी हवा थांबली. मला कळलं. पण बटण दाबायला शेडपर्यंत जायचं, मुलांचे हेडफोन काढायचे, पुन्हा सगळी घडी बसवायची. एवढा धडा होऊ दे, असं मनात म्हणून मी पुढं शिकवत राहिले.

त्या मुलीनं हात वर केला. पंजानं चेहऱ्यासमोर वारा घेतल्यासारखं केलं, मग फ्रॉकची गळपट्टी ओढून दाखवली. मी तिचे हात धरून मांडीवर ठेवले. "तोंडानं सांग." तिनं पुन्हा तेच केलं. मी पुन्हा हात खाली ठेवले. तिची पाळी आली तेव्हा मी आरसा तिच्यासमोर धरला आणि तिचा तळवा माझ्या गळ्यावर ठेवला. आवाजाची कंपनं कळावीत म्हणून आम्ही तसं करतो. तिचा तळवा कोरडा होता आणि तव्यासारखा तापलेला. हे मला जाणवलं. आजही सांगते, मला ते स्पष्ट जाणवलं होतं. तरी मी म्हटलं, "म्हण, मा-सा." तिनं तोंड उघडलं. नुसताच श्वास बाहेर आला. मग आरशातला तिचा चेहरा एका बाजूला झुकला आणि ती खुर्चीवरून खाली गेली. हेडफोनची वायर ताणून तुटली.

दार उघडून मी तिला उचलून पळत बाहेर आणलं. मोठ्या बाईंनी रिक्षा थांबवली. दवाखान्यात डॉक्टरांनी सलाइन लावली, ओल्या चादरीत गुंडाळलं. उष्माघाताचाच प्रकार आहे, म्हणाले, अजून थोडा वेळ गेला असता तर अवघड होतं. संध्याकाळपर्यंत ती डोळे उघडून छताकडं बघत होती. मी जवळ बसले होते. तिनं माझ्याकडं बघितलं आणि दोन्ही हात चादरीखाली घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचे वडील आले. डोक्याला लाल रुमाल, खांद्यावर घोंगडी, पायांत टायरच्या वहाणा. आधी ते पोरीजवळ गेले. तिच्या कपाळावर हात ठेवला, मग दोघांचं काहीतरी बोलणं झालं. हातांनी. पटपट, सलग, मध्येच तिचं किंचित हसणं. मी तीन वर्षांत तिला इतकं बोलताना पाहिलं नव्हतं. मग ते बाहेर माझ्याकडं आले.

"बाई, काय झालं व्हतं?"

मी सांगितलं. यंत्र बंद पडल्याचं, दार लावल्याचं. मोठ्या बाई बाजूला उभ्या होत्या. त्यांना वाटत होतं की मी तिथंच थांबावं. पण मला थांबता येईना. "ती हातानं सांगत होती, उकडतंय म्हणून. मी तिला तोंडानं सांग म्हणाले."

"म्हंजी तुमाला समजलं व्हतं?"

"हो. समजलं होतं."

त्यांनी आवाज चढवला नाही. घोंगडी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. "आमी अडाणी माणसं, बाई. पण पोरगी हात हलवती ते समदं आमाला कळतं. मेंढरू हरवलं, कुत्रं आलं, पोट दुकतंय, समदं. म्हणलं शाळंत शिकल्याली मान्सं हायेत, तितं तिला अजून लई समजून घेत्याल." मग म्हणाले, "जातो घिऊन."

ते तिला घेऊन गेले. तिची पत्र्याची पेटी वसतिगृहातच राहिली.

मोठ्या बाईंनी त्याच दुपारी वाचावर्गाला कुलूप लावलं आणि यंत्र बदलायचं ठरवलं. कुठं कुठं अर्ज केले, कुणाच्या दारात बसल्या, ते त्या कधी बोलल्या नाहीत. आठवड्याभरात शहागंजमधले एक जुने मिस्त्री आले. साठीच्या आसपासचे, पांढरी दाढी, अंगात खिसे फुगलेला शर्ट. सगळे त्यांना चाचा म्हणायचे, मीही म्हणू लागले. त्यांनी शेडमध्ये जाऊन यंत्राचं झाकण खोललं आणि मला हाक मारली.

"ये देखो म्याडम. पानी नै, पत्थर पिलाए तुम इसकू."

आतल्या तांब्याच्या नळ्या पांढऱ्या क्षारानं बुजल्या होत्या. बोटभर नळीत काडी जाईल एवढीच वाट राहिली होती. चाचांनी पान्ह्याच्या टोकानं एक खपली उचकटून माझ्या हातावर ठेवली. खडूसारखी दिसणारी, पण नखानं ओरखडाही उठेना. यंत्र महिनोन् महिने घुसमटत चाललं होतं आणि शेवटी त्याचा कॉम्प्रेसर जळाला होता. चाचा म्हणाले, आता पाण्याची मशीन नक्कोच. पाणी न लागणारी बसवू, माणसालाच प्यायला नाही तर मशीनला कुठून आणणार.

सुट्टीत काम झालं. जुनं धूड तुकडे करून बाहेर काढावं लागलं. गच्चीवरचा टॉवर उतरवला तेव्हा त्याच्या तळाशी वाळलेल्या शेवाळाचा थर होता आणि एका चिमणीचा सांगाडा. नवं यंत्र आकारानं निम्म्याहून लहान. बाहेरचा भाग चाचांनी वाचावर्गाच्याच मागच्या भिंतीवर लोखंडी कोनांवर बसवला आणि आतला छताखाली टांगला. बटण दाबल्यावर दोन मिनिटांत खोली गार झाली. मोठ्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

मी मात्र कान देऊन उभी होते. भिंतीतून एक बारीक, सलग हूं येत होता.

"चाचा, आवाज येतोय."

"किधर? एकदम साफ चल री म्याडम."

मला वाटलं, काम टाळतायत. ते वर तोंड करून यंत्राचे स्क्रू तपासत होते. मी मागून म्हटलं, "चाचा, चहा आलाय, घेता का?" ते वळले नाहीत. मी पुन्हा म्हटलं, थोडं मोठ्यानं. स्क्रू पिळणं चालूच. मग मी समोर जाऊन तेच म्हटलं, तेव्हा त्यांची नजर माझ्या ओठांवर आली आणि ते लगेच म्हणाले, "हौ, लाओ ना."

इतकी वर्षं ज्या मुलांबरोबर काढली त्यांची ती नजर मी ओळखणार नाही तर कोण. मी मुलांचं यंत्र चालू केलं, हेडफोन त्यांच्या हातात दिले आणि खुणेनंच म्हटलं, घाला. त्यांनी घातले. मी आवाज वाढवत गेले. एका ठिकाणी त्यांचा चेहरा बदलला.

"या अल्ला, इतना?" ते म्हणाले. भिंतीतला हूं त्यांना ऐकू आला होता. पण हेडफोन त्यांनी काढले नाहीत. मी कागद उचलला, त्याची सळसळ झाली, त्यांनी माझ्या हाताकडं बघितलं. मी हळूच म्हटलं, "चाचा, चहा गार होतोय." ते त्या मुलांच्या छोट्या खुर्चीवर बसले आणि कागद स्वतःच्या हातात घेऊन सळसळवू लागले.

मग मी त्यांची श्रवणचाचणी केली, रीतसर, कागदावर रेषा काढून. बारीक आवाज जवळजवळ सगळे गेलेले. आयुष्यभर ते कॉम्प्रेसरच्या बाजूला उभे राहिले होते. "घरवाली बोलती, मैं सुनके अनसुना करता," ते म्हणाले. "मैं बी बोलता, तू मुंह में बोलती." मग दाराकडं बघून त्यांनी आवाज खाली आणला. "किसीकू बोलना नक्को म्याडम. बहरे मिस्त्री कू कौन बुलाता?"

मी शब्द दिला आणि पाळला. आज ते या जगात नाहीत, म्हणून लिहिते आहे.

आवाज घालवायचा तर बाहेरचा भाग गच्चीवर, दुसऱ्या टोकाला न्यावा लागणार होता. त्याला पुन्हा पाइप, पुन्हा दिवस. चाचा म्हणाले, करतो. त्या मधल्या दिवसांत मी करमाडला गेले.

बसमधून उतरून वस्तीपर्यंत पायी तासभर लागला. वाटेत टँकरची वाट बघत रस्त्याच्या कडेनं ओळीनं ठेवलेले प्लास्टिकचे ड्रम, प्रत्येकावर रंगानं खूण केलेली. रानात हिरवं म्हणावं तर निवडुंग. त्या ओळीतच मुलगी उभी होती, एक कळशी कमरेवर घेऊन. मला बघितल्याबरोबर तिनं कळशी खाली ठेवली आणि दोन्ही हात पाठीमागं नेले.

माझ्यासमोर हात दिसू द्यायचे नाहीत, हे मी तिला शिकवलं होतं. तीन वर्षांत माझ्याकडून ती पक्कं शिकली असेल तर एवढंच.

मी तिच्यासमोर धुळीत उकिडवी बसले. मुलांच्या खुणा मी वर्षानुवर्षं पाहिल्या होत्या, पण स्वतः कधी केल्या नव्हत्या. मी छातीवर हात ठेवला, मी. मग कपाळाजवळ बोट नेऊन हलवलं, चुकले. मग चेहऱ्यासमोर वारा घेऊन, गळपट्टी ओढून, माझ्या डोळ्यांकडं बोट केलं. तू सांगितलंस, मी बघितलं. आणि पुन्हा, चुकले. बहुधा अर्ध्या खुणा चुकीच्याच होत्या. आजूबाजूच्या बायका ड्रम सोडून बघत होत्या.  मग तिनं एक हात पुढं आणला, माझी बोटं धरली आणि "चुकले"ची खूण नीट करून दाखवली. मी उलटी करत होते.

तिची आई घरात नेऊन पाणी देऊ लागली. टंचाईचं पाणी म्हणून मी नको म्हणाले, तर तिला राग आला. "आमच्या घरचं पानी बी नाय चालत का?" मी घोटभर प्यायले. ती म्हणाली, "मालक मेंढरं घिऊन गोदावरीकडं गेलेत. तेच्यावर हाय. मी नाय सांगू शकत." मी कागदावर काही लिहून दिलं नाही, मोठ्या माणसांत वाचणारं कुणी नव्हतं. निघताना मुलीला विचारलं, हातांनीच, येशील? तिनं खांदे उडवले.

शाळा सुरू झाली तेव्हा पाऊस लांबलेलाच होता. पहिल्या आठवड्यात ती आली नाही. दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी तिचे वडील तिला घेऊन फाटकात उभे. मला म्हणाले, "पोरगी म्हणती, बाईला हातानं बोलता येत नाय, शिकवावं लागंल." बोलताना त्यांच्या तोंडावर हसू नव्हतं. "आज मी बसतो हितं. बघतो."

त्या दिवशी चाचाही आले होते. यंत्राचा बाहेरचा भाग गच्चीवर गेला होता, खाली रबराचे जाड तुकडे घातले होते. आवाज गेला की नाही ते पाहायचं होतं. मला तर काहीच ऐकू येत नव्हतं. पण चाचांना स्वतःच्या कानांची खात्री नव्हती आणि आता माझ्याही नव्हती. त्यांनी भिंतीवर तळवा टेकवला. ते बघून मुलगी पुढं झाली आणि तिनंही टेकवला. थोडं सरकून दुसरीकडं, मग वर, जिथं यंत्राचा पाइप भिंतीतून आत येतो तिथं, खुर्चीवर चढून. तिथं तिनं मान हलवली आणि बोटं थरथरवून दाखवली. चाचांनी हात लावला. "हौ. है. बराबर बोल री." त्यांनी शिडी घेतली, पाइपचा लोखंडी कोन सैल केला, रबर सारलं. मुलीनं पुन्हा हात लावला. नाही. अजून एक पट्टी. पुन्हा. चार-पाच वेळा असं झालं. त्यानंतर दोघांपैकी कुणी तोंडातून शब्द काढला नाही. वडील दारात उकिडवे बसून बघत होते. शेवटी तिनं तळवा काढला आणि चाचांकडं बघून मान डोलावली.

मग वडिलांना आत घेऊन मी दार लावलं, हेडफोन वाटले आणि वर्ग घेतला. हात मांडीवर ठेवा असं कुणाला म्हटलं नाही. मुलं बावरली. पहिला अर्धा तास कुणाचाच हात उठेना.

त्या संध्याकाळी मोठ्या बाईंना सांगितलं की यापुढं माझ्या वर्गात खुणा चालतील. त्या माझ्याहून जुन्या पद्धतीत घडलेल्या. "मग बोलणं शिकवायचं बंद करणार?" त्यांनी विचारलं. म्हटलं, "नाही. पण आधी मूल काय म्हणतंय ते ऐकून घेणार." त्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी वर्गात येऊन मागच्या खुर्चीवर बसल्या आणि तासभर बघत राहिल्या. पुढं तपासणीला आलेल्या साहेबांनी खुणांवरून विचारलं, तेव्हा मात्र त्यांनीच उत्तर दिलं. मी तिथं नव्हते, पण शिपाई म्हणाला, बाईंनी साहेबांना चहा न देता पाठवलं.

ती मुलगी सातवीपर्यंत आमच्याकडं राहिली. बोलायला ती फार शिकली नाही. आई, पाणी, मला नको, एवढं लोकांना समजेल असं म्हणायची. लिहायला मात्र उत्तम शिकली. सुट्टीत घरी गेली की वडिलांच्या मेंढरांची नावं लिहून आणायची, कारण प्रत्येक मेंढराला त्यांच्या घरात हातानं केलेलं एक नाव होतं आणि ते अक्षरांत कसं लिहायचं यावर ती माझ्याशी वाद घालायची.

पुढं त्या वस्तीची जमीन कारखान्यांसाठी गेली. मेंढरं चरायची ती रानंही गेली. वडिलांनी कळप विकला आणि कुटुंब नगरकडं कुठंतरी हललं, असं कळलं. मी दोन पत्रं पाठवली, जुन्याच पत्त्यावर. दोन्ही परत आली.